पाच मैलांच्या आत

वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात दोन विषय असे आहेत की ज्यांच्याविषयी कोणी उमाळ्याने बोलत नाही. एक म्हणजे इमारतीतील व्यवस्था : पाणी, सांडपाणी, वीज, वायुवीजन, अग्निसुरक्षा. वर्गात याला नुसते ‘सर्व्हिसेस’ म्हणतात. दुसरा म्हणजे व्यावसायिक आचार : करारनामा, निविदा, अंदाजपत्रक, परवानग्या, मानधन, दायित्व. याला ‘प्रोफेशनल प्रॅक्टिस’ म्हणतात, आणि तो बहुधा शेवटच्या वर्षांत, विद्यार्थ्याचे सारे चित्त प्रबंधाच्या आराखड्यात गुंतलेले असताना, येऊन जातो. दोन्ही विषय उत्तीर्ण होण्यापुरते वाचायचे, असा एक अलिखित संकेत आहे. प्रतिभेचा प्रांत तो ‘डिझाइन’चा, बाकीचे सारे नळ आणि कागद.

हा संकेत कितपत खरा आहे हे तपासून पाहायचे असेल, तर मुंबई-पुण्याच्या इमारतींपेक्षा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यजिल्ह्यांचा बांधकामाचा इतिहास अधिक उपयोगी पडेल असे वाटते. मोठ्या शहरात परवानगी देणारी कचेरी, पाणी देणारी नगरपालिका, आग विझवणारे दल आणि साहित्य पुरवणारा बाजार हे सारे पार्श्वभूमीला असते. असते म्हणून ते दिसत नाही. अरण्यात यांतले काहीच गृहीत धरता येत नाही. त्यामुळे तेथे एखादी साधी झोपडी उभी करायची म्हटली तरी हे दोन दुर्लक्षित विषय थेट पुढ्यात येऊन उभे राहतात. तेथल्या इमारतींची कथा वाचली की ध्यानात येते, की त्या टिकल्या किंवा गेल्या त्या त्यांच्या रूपामुळे फारशा नव्हे. पाणी कोणी सांभाळायचे, लाकूड कोणाचे, संमती कोणाची आणि आग लागली तर काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर त्यांचे भवितव्य ठरले.

विभागणी कशी झाली?

हे दोन विषय कोपऱ्यात कसे गेले, हे आधी पाहू. आपल्याकडचे आधुनिक बांधकाम-शिक्षण दोन वेगळ्या दारांतून आत आले. पहिले दार अभियांत्रिकीचे. रुडकीचे महाविद्यालय १८४७ मध्ये सुरू झाले आणि पुण्यातला अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ मध्ये. दोन्हींमागची प्रेरणा उघड होती : रस्ते, कालवे, पूल आणि सरकारी इमारती बांधणाऱ्या खात्याला माणसे हवी होती. दुसरे दार कलाशिक्षणाचे. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा निघाली; तिच्यात १८९६ मध्ये वास्तुरेखकांचे वर्ग सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतून वास्तुकलेचा पूर्ण अभ्यासक्रम आकाराला आला. म्हणजे पाणी, भार आणि हिशेब अभियंत्याकडे गेले, तर रेखाटन, प्रमाण आणि अलंकार वास्तुविशारदाकडे. ‘स्थापत्य’ हा जुना शब्दही या वाटणीत अभियंत्याच्या वाट्याला गेला, हे सहज लक्षात येण्याजोगे आहे.

व्यवसायाची संघटना त्याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी उभी केली. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी-मंडळातून पुढे १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ ही देशव्यापी संस्था झाली. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने वास्तुकला परिषद अस्तित्वात आली. १९८३ मध्ये शिक्षणाच्या किमान मानकांचे विनियम आले, १९८९ मध्ये व्यावसायिक वर्तनाचे, आणि २०२० मध्ये शिक्षणाचे विनियम नव्याने लिहिले गेले. कागदोपत्री म्हणजे या दोन विषयांना स्थान आहेच. परंतु खुद्द अधिनियमाचे स्वरूप पाहिले तर एक गोष्ट जाणवते. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की या कायद्याचे कलम ३७ ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणी नसलेल्यांना लावू देत नाही. इमारतीचे काम करण्यास मात्र ते कोणाला मज्जाव करीत नाही. कायद्याने नावाचे रक्षण केले आहे, कामाचे नव्हे.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? उपाधी हा आपला हक्क समजणारा विद्यार्थी या निवाड्याने खट्टू होईल. पण जेथे नोंदणीकृत वास्तुविशारद क्वचितच पोहोचतो अशा प्रदेशाच्या दृष्टीने पाहिले तर हा निवाडा एक साधे सत्य सांगतो. बांधणारे लोक आधीपासून आहेत; वास्तुविशारदाला आपले प्रयोजन तेथे सिद्ध करावे लागेल. ते सिद्ध करायचे कशाच्या बळावर? रूपाच्या ज्ञानात तेथील सुतार आणि बुरूड त्याच्यापेक्षा सरस असू शकतात. त्याच्याकडे अधिक काही असलेच, तर ते याच दोन विषयांत असायला हवे.

तलाव : रचना, मोबदला आणि देखभाल

चंद्रपूरचा ज्ञात बांधकाम-इतिहास गोंड राजवटीच्या काळात भरास येतो. खांडक्या बल्लाळशहाच्या नावाशी निगडित असलेले नगर, इरई आणि झरपट या नद्यांच्या सान्निध्यात उभा राहिलेला परकोट, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर हे दरवाजे, हे सारे पर्यटन-पुस्तिकांतून आपल्या परिचयाचे असते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने परकोटापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तलाव.

वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत, भातशेतीला पाणी देणारे हजारो लहानमोठे तलाव आहेत. कोहळी समाजाचे या कामातले कौशल्य ख्यातनाम आहे. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने जोखायचा, पाळ कोठे घालायची, सांडवा कोठे ठेवायचा, पाणी कोणत्या बांधीत आधी जायचे हे ठरवायचे; एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाचा भरणा होईल अशी साखळी जुळवायची. आजच्या भाषेत ही जलव्यवस्थेची रचना झाली. पण तिच्याइतकाच लक्षणीय आहे तो तिच्यामागचा करार. गोंड राजांविषयी गॅझेटिअरांत नोंदलेली परंपरा अशी, की जो कोणी तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे.

या एका वाक्यात व्यावसायिक आचाराचा अर्धा अभ्यासक्रम सामावलेला आहे. मोबदला कामाच्या आकारावर ठरत नाही, कामाच्या फळावर ठरतो. पाळ कितीही उंच घातली आणि पाणी ठरले नाही, तर बांधणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही. आणि जमीन त्याच्याच ताब्यात असल्याने पाळ फुटली तर नुकसान त्याचेच होते. म्हणून देखभालीची वेगळी तरतूद करावी लागत नाही. रचना, मोबदला, दायित्व आणि देखभाल या चार गोष्टी एकाच गाठीत बांधलेल्या होत्या.

ही गाठ सुटली ती टप्प्याटप्प्याने. इंग्रजी अमलात मालगुजार हा जमिनीचा मालक ठरला आणि तलावही त्याचे झाले. म्हणून आज आपण त्यांना मालगुजारी तलाव म्हणतो. पुढे १९५० मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशाने मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला. चंद्रपूर जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते, त्याबद्दल दुमत असू नये. मात्र तलाव सरकारकडे आले तेव्हा त्यांची मालकी आली, त्यांच्यासोबतचा देखभालीचा बांधिलकीचा धागा आला नाही. गाळ साचला, पाळींवर बेशरम माजली, सांडवे फुटले. बांधकाम ज्याचे, फायदा ज्याचा आणि निगा ज्याची, ते तिघे वेगळे झाले की इमारत किती वर्षे टिकते, हे पाहायचे असेल तर यापरते चांगले उदाहरण सापडणार नाही. चंद्रपूरच्या परकोटाचेही तेच झाले. सुमारे ११ किलोमीटर लांबीची ही तटबंदी झाडाझुडपांत बुडाली होती. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ती श्रमदानाने साफ करायला घेतली, तेव्हा शहरातल्या पुष्कळांना आपला तट प्रथमच सलग दिसला.

लाकूड कोणाचे?

या प्रदेशातले पारंपरिक घर तसे साधे. सागाचे किंवा अन्य लाकडाचे खांब आणि मयाली, बांबूच्या कुडाच्या भिंतींवर मातीचे लिंपण, वर बांबूच्या जाळीवर कवेलू, पुढे छपरी. यातला प्रत्येक जिन्नस गावाच्या शिवारात किंवा लगतच्या रानात मिळतो. वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, कवेलू फेरायचे. सणावाराला भिंती लिंपायच्या. घराची देखभाल ही घराच्या दिनक्रमातच मुरलेली होती.

इथे शेजारच्या वर्धा जिल्ह्याची आठवण अपरिहार्य आहे. १९३६ मध्ये गांधीजी सेगावात राहायला गेले. पुढे तेच गाव सेवाग्राम झाले. तेथील निवास बांधताना खर्चाची मर्यादा आधीच घालून दिलेली होती, आणि साहित्य व मजूर गावचेच असावेत असा आग्रह होता. मीराबेननी त्या चौकटीत काम उभे केले. अंदाजपत्रक हे रचनेच्या शेवटी येणारे परिशिष्ट नसून तिच्या आरंभी घातलेली मर्यादा आहे, हा धडा त्या मातीच्या भिंतींत आजही वाचता येतो. चाळीसच्या दशकात चीनमधून मायदेशी परतणारा लॉरी बेकर हा तरुण इंग्रज वास्तुविशारद मुंबईत गांधीजींना भेटला. घर हे त्याच्या जागेपासून पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्याचे असावे, हा गांधीजींचा विचार त्याच्या मनात घर करून राहिला आणि पुढे केरळात त्याने त्या विचारावर आयुष्य वेचले. आज आपल्या वास्तुकला महाविद्यालयांत बेकरचे नाव आदराने घेतले जाते, पाच मैलांचा दाखला दिला जातो.

परंतु गडचिरोलीच्या रानात उभे राहून हा दाखला वाचला तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. येथे पाच मैलांच्या आत सारे काही होते. नव्हती ती फक्त परवानगी.

१८६५ आणि १८७८ चे वन कायदे, आणि त्यानंतरचा १९२७ चा भारतीय वन अधिनियम, यांनी रानातल्या झाडावरची गावाची मालकी संपवून तिच्या जागी निस्ताराची सवलत ठेवली. निस्तार म्हणजे घरासाठी, अवजारांसाठी, जळणासाठी लागेल तेवढे घेण्याची मुभा. हक्क आणि मुभा यांत किती अंतर असते, हे करारनाम्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला कळायला हवे : मुभा देणारा ती काढूनही घेऊ शकतो. १९२७ च्या कायद्यात तर ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येतच बांबूचा समावेश होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. कायद्याच्या दृष्टीने वृक्ष. या एका व्याख्येने बुरुडाची टोपली, आदिवासीचे कूड आणि मांडवाचा वासा, हे सारे परवान्याच्या कक्षेत आणून ठेवले.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा अनुभव या संदर्भात मुद्दाम अभ्यासण्याजोगा आहे. १९८४ च्या सुमारास इचमपल्ली आणि भोपालपटनम येथील नियोजित धरणांविरुद्ध या भागात मोठे आंदोलन झाले. त्यानंतरच्या वर्षांत गावाने आपल्या संस्थांचा विचार नव्याने सुरू केला. त्यांत गोटूल ही तरुणांची पारंपरिक संस्था पुन्हा उभी करण्याचे ठरले. गोटूलसाठी घर हवे, घरासाठी सागाचे खांब हवेत. गावाने रानातून लाकूड आणले आणि गोटूल बांधले. वन खात्याच्या दृष्टीने हे लाकूड बेकायदा होते. खात्याने पोलिसांच्या बंदोबस्तात ती वास्तू उतरवून लाकूड नेले. गावाने गोटूल पुन्हा बांधले, आणि आसपासच्या गावांनीही आपापली गोटुले बांधली. इतक्या गावांतली इतकी घरे उतरवणे मग शक्य झाले नाही.

वास्तुकलेच्या इतिहासाच्या पुस्तकात या गोटूलला जागा मिळणार नाही; चार खांब आणि एक छप्पर, त्यात दाखवण्यासारखे काय? पण इमारत म्हणजे साहित्य, हक्क आणि संमती यांचा मेळ असेल, तर एका पिढीच्या अवधीत या देशात झालेल्या अत्यंत अर्थपूर्ण बांधकामांपैकी हे एक ठरेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा सर्वत्र उद्धृत केली जाते. तिच्या पाठीशी एक कार्यपद्धती होती : बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घ्यायचा, आणि निर्णय घेण्याआधी अभ्यास करायचा. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याने बांबूला गौण वनोपजात गणले. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना देणार कोण, हा प्रश्न अडूनच होता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले, तेव्हा तो सुटला. रानाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ राहू नये यासाठी तर २०१७ उजाडावे लागले.

म्हणजे पाच मैलांतला बांबू भिंतीपर्यंत रीतसर पोहोचायला कायद्याच्या वाटेने ऐंशीहून अधिक वर्षे लागली. स्थानिक साहित्याचे गुणगान करणाऱ्या वर्गात हा प्रवास शिकवला जात नसेल, तर त्या गुणगानाला फारसा अर्थ उरत नाही.

आधी ऐकणे

मेंढा ज्या धानोरा रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली ती १९८० च्या दशकात. रुग्णालय बांधायचे ठरले तेव्हा त्यांनी परिसरातल्या आदिवासींनाच विचारले, की तुम्हाला दवाखान्याची भीती का वाटते, आणि तो कसा असला तर तुम्ही याल. मिळालेली उत्तरे कोणत्याही रुग्णालय-रचनेच्या पाठ्यपुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखे होते. नातेवाइकांना रात्री बाहेर काढतात. पांढरा कपडा तर आम्ही मृताला गुंडाळतो, मग डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत का? आणि आमचा देव तेथे कोठे असतो?

या उत्तरांतून जो दवाखाना उभा राहिला तो एका इमारतीचा नव्हता. वस्तीसारख्या विखुरलेल्या झोपड्यांचा होता, रुग्णासोबत त्याचे नातलग राहू शकतील असा. नाव माँ दंतेश्वरीचे. येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. वस्तीचे रूप हे येथे शोभेसाठी स्वीकारलेले नाही. नातलग सोबत राहणार म्हटले की पाणी, स्वयंपाक, शौचालय, कचरा यांची सारी गणिते बदलतात. विखुरलेल्या खोल्या म्हटल्या की नळ आणि तारा लांबतात, रात्रपाळीच्या परिचारिकेच्या येरझाऱ्या वाढतात. ज्याने अशिलाचे म्हणणे ऐकले त्याला हा वाढीव भार उचलावा लागतो. ‘ब्रीफ’ हा शब्द आपण पानभर चौरस फुटांच्या यादीसाठी वापरतो. शोधग्रामचा ब्रीफ हा भीतीची यादी होता. व्यावसायिक आचार आणि इमारतीतील व्यवस्था हे दोन विषय एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

याच्या उलट टोकाला सरकारी बांधकामाची यंत्रणा आहे. तिच्यात ऐकण्याचे काम दर-अनुसूची करते. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अनुसूचीत ज्या कामाचा दर छापलेला आहे ते अंदाजपत्रकात सहज बसते. ज्याचा दर नाही त्यासाठी वेगळे दर-विश्लेषण मांडावे लागते, मंजुरी घ्यावी लागते, लेखापरीक्षणात उत्तरे द्यावी लागतात. कनिष्ठ अभियंता शहाणा असेल तर तो या भानगडीत पडत नाही. विटा आणि काँक्रीट जिंकतात ते पुष्कळदा या सोयीमुळे; सामर्थ्याचा प्रश्न तेथपर्यंत येतच नाही.

घरकुलांचेही तसेच. १९८५ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेत रूपांतरित झाली. किमान २५ चौरस मीटरचे घर आणि टप्प्याटप्प्याने मिळणारे अर्थसाहाय्य, असे तिचे स्वरूप. ‘पक्के’ आणि ‘कच्चे’ हे तिचे मूळ शब्द, आणि या वर्गीकरणात कुडाचे घर कच्चे. ज्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीत उन्हाळ्यात पारा ४७-४८ अंशांना टेकतो, तेथे काँक्रीटच्या सपाट छताखाली रात्री झोप लागत नाही, हे खरे. पण येथे भाबडेपणाही नको. कवेलू माकडे फोडतात, फेरणारे हात आता मिळत नाहीत, कुडाला वाळवी लागते, भिंतीतून साप येतो. घरकुल मागणाऱ्या बाईला पक्क्या घराची सुरक्षितता हवी आहे आणि ती मागणी रास्त आहे. मातीच्या घराचे कौतुक करणाऱ्याने तिला सांगायचे आहे ते इतकेच : वाळवी, माकड आणि ऊन या तिन्हींवर माझ्याकडे उपाय काय, त्याची किंमत किती, आणि तो बिघडला तर दुरुस्त कोण करील. ही तिन्ही उत्तरे ज्या विषयांत आहेत त्यांनाच आपण रुक्ष म्हणतो.

चिचपल्लीची आग

या साऱ्या इतिहासाला २०१४ नंतर एक आशादायक वळण मिळाले. बांबू ज्या भागात परवान्यात अडकला होता त्याच भागात, चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे, राज्य शासनाने बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र काढले. बुरूडकाम, हस्तकला, फर्निचर यांचे शिक्षण तेथे सुरू झाले, आणि केंद्रासाठी खुद्द बांबूचेच एक भव्य संकुल उभारले जाऊ लागले. बांबूची कमान किती अंतर लांघू शकते, बांबू आणि माती यांतून सार्वजनिक इमारत कशी होऊ शकते, याचे ते प्रात्यक्षिक होते. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी या भागात इतकी मोठी उघडी प्रयोगशाळा दुसरी नव्हती. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या संकुलाला आग लागली आणि त्याचा मोठा भाग भस्मसात झाला.

आगीच्या कारणांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही, आणि कोणावर ठपका ठेवण्याचा येथे हेतूही नाही. बांबूच्या पुरस्कर्त्यांना मात्र या घटनेने एक कठोर प्रश्न विचारला आहे. फेब्रुवारी-मार्च म्हणजे पानगळीचा काळ. विदर्भातल्या रानात वणवे लागतात ते याच ऋतूपासून. बांबू पोकळ असतो, वाळला की झपाट्याने पेटतो, आणि उंच छताखालची मोकळी हवा ज्वाळेला वर खेचते. उन्हाळ्यात जे रूप आतली ऊब वर सोडून देते, तेच रूप आगीत धुराड्यासारखे वागू शकते. येथे वायुवीजन आणि अग्निसुरक्षा या एकाच ‘सर्व्हिसेस’च्या पुस्तकातल्या दोन प्रकरणांची परस्परांशी गाठ पडते, आणि ती सोडवणे हेच खरे डिझाइन असते.

राष्ट्रीय इमारत संहिता १९७० पासून आहे. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. तिच्या चौथ्या भागात अग्निसुरक्षा आहे, सहाव्या भागात लाकूड व बांबूच्या रचनेचे प्रकरण, आठव्या-नवव्या भागांत इमारतीतील सेवा आणि नळकाम. हे भाग वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या शिक्षकांकडून, वेगवेगळ्या परीक्षांसाठी शिकवले जातात. पेटत्या इमारतीत मात्र ते सारे एकाच क्षणी लागू होतात. छताचे भाग किती अंतराने तोडायचे म्हणजे आग एका भागातून दुसऱ्यात जाणार नाही, पाण्याचा साठा कोठे, विजेची तार बांबूच्या पोकळीतून न्यायची की बाहेरून, अग्निशमन दलाला शहरातून येथवर यायला किती मिनिटे लागतील. काँक्रीटच्या इमारतीत यांतल्या पुष्कळ चुका झाकल्या जातात. बांबूच्या इमारतीत झाकल्या जात नाहीत. स्थानिक साहित्य वापरायचे तर या रुक्ष विषयांचे ज्ञान कमी नाही, अधिकच लागते.

काय शिकवावे

मग या दोन जिल्ह्यांकडून शिक्षणाने घ्यायचे काय? आदिवासी घरांची सुबक रेखाटने काढून आणण्याच्या अभ्याससहली पुष्कळ निघतात. त्यांना हरकत नाही. पण त्या सहलीत चार साधे प्रश्न सोडवायला दिले तर बरे. मेंढ्याच्या गोटूलसाठी १९८५ साली, २०१० साली आणि आज कोणकोणत्या परवानग्या लागल्या असत्या, त्याची यादी करा. तलावाच्या जुन्या पद्धतीला आजच्या करारनाम्याच्या भाषेत लिहा. देखभालीचे कलम कोणावर टाकाल? शोधग्रामच्या एका झोपडीपर्यंतचा नळ, नाला आणि तार मोजा आणि ऐकण्याची किंमत किती पडली ते काढा. बांबूच्या एका सभागृहाचा अग्निसुरक्षा आराखडा करा, आणि तो करताना छत कोठे बदलावे लागले ते प्रामाणिकपणे दाखवा.

या प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थ्याला कायद्याच्या कलमाशी, वनरक्षकाशी, ग्रामसभेशी, नळजोडणाऱ्याशी आणि बुरुडाशी बोलावे लागेल. १९८३ च्या विनियमांनी व्यावहारिक प्रशिक्षणासाठी किमान १६ आठवडे राखून ठेवले. ते आजवर बहुतेकांनी मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांत संगणकापुढे घालवले आहेत. त्यांतले चारसहा आठवडे जरी ग्रामसभेच्या बांधकामात गेले, तरी व्यावसायिक आचार हा शब्द त्याला वेगळा ऐकू येईल. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, वनहक्क मिळालेल्या शेकडो ग्रामसभा आहेत, आणि त्यांना गोदामे, अंगणवाड्या, तेंदू-बांबूचे फड यांसाठी इमारती हव्या आहेत. अशील तयार आहे, साहित्यही पाच मैलांच्या आत आहे, आणि बऱ्याच वर्षांच्या झगड्यानंतर आता त्यावरचा हक्कही आहे. त्यांच्या दाराशी जाणाऱ्या तरुणाने आपल्या वहीत सुंदर रेखाटनांच्या जोडीला एक करारनामा, एक अंदाजपत्रक आणि पाणी-विजेचा एक आराखडा नेला, तर ग्रामसभा त्याला बसायला घोंगडी नक्की टाकील.